माझ्या नावानं लावलेलं कलम

जुलै २०२२ मध्ये रणवीर सिंगनं एका अमेरिकी मासिकासाठी कपडे उतरवून फोटो काढून घेतले आणि आठवडा व्हायच्या आत चेंबूर पोलीस ठाण्यात त्याच्यावर गुन्हा दाखल झाला. तक्रार एका संस्थेची. भारतीय दंड विधानाची कलमं २९२, २९३ आणि ५०९, शिवाय माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६७ अ. यातली बाकीची अश्लीलतेची. ५०९ मात्र स्त्रीच्या विनयशीलतेचा अपमान करणाऱ्यासाठी होतं. म्हणजे ते माझ्या नावानं लावलं गेलं. देशातल्या तमाम बायकांच्या भावना दुखावल्या, असं गृहीत धरून एका पुरुषानं दुसऱ्या पुरुषाच्या अंगावर घातलेलं कलम.

मला कोणी विचारलं नव्हतं. म्हणून आता न विचारता सांगते. त्या फोटोनं माझा काडीचाही अपमान झालेला नाही. एक देखणा, कसलेला, तिशी ओलांडलेला माणूस गालिच्यावर पहुडला होता. त्याच्या मर्जीनं, छायाचित्रकाराला ठाऊक असताना, ज्याला बघायचं त्यानं बघावं अशा मासिकात. माझा अपमान कशानं होतो ते मला पक्कं माहीत आहे आणि ते कोणत्याही पोलीस ठाण्याच्या डायरीत सापडत नाही.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या झरी जामणी तालुक्यातली. पैनगंगेच्या अलीकडे आम्ही, पलीकडे तेलंगणा. माहेर शेतीचं, सासर शेतीचं, आणि उमर गेली ती सरकारी दवाखान्यांमध्ये परिचारिकेच्या नोकरीत. पुरुषाचं उघडं शरीर म्हणजे काय हे मला कोणी समजावून सांगायची गरज नाही. आमच्याकडे जुलैत डवरणीला जाणारा माणूस कमरेला एक चड्डी आणि डोक्याला दुपट्टा एवढ्यावर असतो. त्याच्या शेजारच्या तासात आम्ही बायका निंदण करत असतो. खांदे, पाठ, बरगड्या, मांड्या, सगळं समोर असतं. आजवर एकाही बाईनं धुऱ्यावर उभं राहून आमची अब्रू गेली अशी आरोळी ठोकलेली नाही. कपड्याला पैसा नाही, उन्हाला दया नाही आणि काम थांबत नाही, म्हणून ते शरीर उघडं आहे. महात्मा फुल्यांनी शेतकऱ्याच्या लंगोटीबद्दल लिहिलं त्याला आता जवळजवळ दीडशे वर्षं होतील. १८८८ मध्ये पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉटच्या मेजवानीला ते शेतकऱ्याच्या वेषात गेले आणि हा देश खरा कसा दिसतो ते राजपुत्राला दाखवून आले. त्या जरीच्या अंगरख्यांच्या गर्दीत लाज कोणाला वाटायला हवी होती हे त्यांना नेमकं कळलं होतं.

आता २०१७ चं सांगते, कारण पुरुषाच्या नग्नतेवर बोलायचं तर माझ्यासाठी सुरुवात तिथूनच होते.

त्या वर्षी पऱ्हाटी माणसाच्या डोक्याच्या वर गेली होती. एरवी कमरेपर्यंतच्या झाडावर पाठीवरचा पंप घेऊन फवारलं की औषध खाली पडतं. त्या साली फवारणारा माणूस झाडांच्या आत होता आणि औषध त्याच्याच तोंडावर, छातीवर, पाठीवर येत होतं. अळी मरत नव्हती म्हणून दोन-दोन औषधं एकत्र कालवली जात होती. सप्टेंबर-ऑक्टोबरात जिल्ह्यात वीसच्या आसपास माणसं गेली. शेकडो दाखल झाली, कित्येकांची नजर काही दिवस गेली. त्यात शेतमालक होते, पण रोजानं फवारणीला जाणारे मजूर फार होते. मुंबईहून उपदेश आला की मास्क लावा, हातमोजे घाला, अंगभर कपडे घाला. भर उन्हात, कपाशीच्या दमट गचपणात प्लास्टिकचा अंगरखा घालून बारा-पंधरा पंप मारून दाखवणारा एक तरी साहेब मला भेटवा.

असा माणूस दवाखान्यात आणला की आमचं पहिलं काम त्याला नागवं करणं. विष कातडीतून आत जात असतं, म्हणून अंगावरचा एकूण एक कपडा काढायचा, निघत नसेल तर कात्रीनं कापायचा. मग साबण-पाण्यानं डोक्याच्या केसांपासून नखांच्या फटीपर्यंत धुवायचं. मग अॅट्रोपीन. अॅट्रोपीन जास्त झालं की अंग तापतं, तोंड कोरडं पडतं आणि माणूस भ्रमिष्ट होतो. तो चादर फेकतो, सलाईनची नळी उपटतो, उठून पळतो, हवेत काहीतरी पकडतो. त्याचे हात बँडेजच्या पट्टीनं खाटेला बांधावे लागतात. म्हणजे चाळिशीचा बाप, दोन लेकरांचा, अंगावर चिंधी नाही, हात खाटेला बांधलेले, शेजारी बायको, पायाशी म्हातारी आई, आणि मध्ये पडदा नाही.

त्या वॉर्डात कॅमेरे आले. दारातून, खिडकीतून, खाटेच्या अगदी कडेला येऊन फोटो काढले गेले. मी एकाला बाहेर काढलं तर दुसरा म्हणाला, मॅडम, लोकांना कळायला नको का? कळायला हवं होतंच. पण त्या माणसाला कोणी विचारलं होतं? त्याच्या बायकोला विचारलं होतं? शुद्धीवर आल्यावर एकजण मला हळूच म्हणाला, “माह्या अंगावर काही टाका न जी सिस्टर, ते फोटोवाले गेले का?” त्याला विषबाधेचं आधी आठवलं नाही, फोटोवाले आठवले. पुढे ते फोटो लोकांच्या मोबाइलवर फिरले, नावागावासकट. हे शरीर पाहून स्त्रियांच्या भावना दुखावल्या, असं तेव्हा कोणत्याही संस्थेला वाटलं नाही. त्याच्या पायाशी बसलेली बाई स्त्री नव्हती काय?

माझा मुद्दा एवढाच आहे आणि तो मी आडपडदा न ठेवता मांडते. महाराष्ट्राला पुरुषाच्या नग्नतेचं वावडं नाही, कधीच नव्हतं. गरिबीनं उघडा पडलेला, आजारानं उघडा पडलेला, मार देताना उघडा केलेला पुरुष आपण रोज बिनदिक्कत बघतो. आपल्याला खुपतो तो फक्त स्वतःच्या मर्जीनं, मान ताठ ठेवून, मला बघा म्हणणारा पुरुष. आणि त्यातही, त्याला बघणारी बाई असेल तर आपलं पित्त खवळतं.

देवाधर्माचं बघा. विदर्भात असं घर विरळा जिथं शेगावच्या गजानन महाराजांची तसबीर नाही. माझ्याही घरी आहे. ती दिगंबर पुरुषाची तसबीर आहे आणि बायका रोज सकाळी तिला फूल वाहतात. रेल्वेतल्या नग्नतेवरून महाराजांना न्यायाधीशापुढे उभं केल्याची गोष्ट पोथीत आहे आणि पारायण करणाऱ्या प्रत्येकीला ती ठाऊक आहे. त्या गोष्टीत आपलं मन कोणाच्या बाजूनं उभं राहतं? कायद्याच्या नव्हे. बागलाणात मांगी-तुंगीच्या डोंगरात ऋषभदेवांची १०८ फुटांची मूर्ती २०१६ मध्ये उभी राहिली. ती संपूर्ण दिगंबर आहे आणि तिच्यासमोर आजी नातीचा हात धरून उभी राहते. वेरूळच्या जैन लेण्यांमध्ये वेलींनी वेढलेला बाहुबली हजार वर्षांहून अधिक काळ तसाच उभा आहे. दिगंबर मुनी सांगली-कोल्हापूरच्या रस्त्यांवरून विहार करतात तेव्हा त्यांच्यापुढे पोलीस रहदारी थांबवतात. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या सिंहस्थात नागा साधूंच्या शाही स्नानाला सरकार कोट्यवधी खर्चून घाट बांधतं. हे सगळं मला मान्य आहे. मी स्वतः तिथं हात जोडते. २९२ कलमात तर धार्मिक कारणासाठीच्या आणि प्राचीन मंदिरांवरच्या प्रतिमांना सरळ सूट लिहूनच ठेवली होती. म्हणजे कायद्यानंही कबूल केलं आहे की उघडं शरीर आपोआप अश्लील ठरत नाही. मग हा नियम वैराग्यालाच का लागू? शरीराचा त्याग केलेल्या माणसाचं शरीर पवित्र, आणि शरीरावर प्रेम असलेल्या माणसाचं शरीर गुन्हा, हे कोणत्या न्यायानं?

तालमीत जा. पोरं लंगोटावर घुमतात, अंगाला तेल-माती फासतात, एकमेकांना मांड्यांत आवळतात. कोल्हापूरचं खासबाग मैदान शाहू महाराजांनी १९१२ मध्ये बांधून घेतलं आणि तिथं हजारो पुरुषांनी जवळजवळ नग्न पुरुषांच्या शरीरांचं भरभरून कौतुक केलं. मांडी कशी, छाती किती, मानेचा पट्टा कसा, यावर आमच्या गावच्या पारावरसुद्धा तासन् तास चर्चा होते. आणि कित्येक गावांत बाईनं तालमीची पायरी चढायची नाही. पुरुषानं पुरुषाचं अंग बघितलं तर मर्दानी खेळाची परंपरा. बाईनं बघितलं तर तिची विनयशीलता धोक्यात. ही बघण्याची मक्तेदारी आहे. ती राखण्यासाठीच ५०९ माझ्या नावानं वापरलं गेलं.

कलेच्या जगातही हेच. चित्रकलेच्या शाळांमध्ये बाई विवस्त्र बसते आणि पुरुष मॉडेल बहुधा लंगोट लावून बसतो. १९८९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये स्वतःला गनिमी म्हणवणाऱ्या कलावंत बायकांच्या गटानं मेट्रोपॉलिटन संग्रहालयाच्या आधुनिक दालनांची मोजणी केली. कलावंतांमध्ये बायका पाच टक्क्यांहून कमी आणि नग्नचित्रांमध्ये बायका ८५ टक्के. आमच्याकडे रवी जाधवांचा ‘न्यूड’ २०१७ मध्ये गोव्याच्या चित्रपट महोत्सवातून ऐनवेळी काढला गेला. तो बाईच्या शरीराबद्दलचा सिनेमा होता, पोटासाठी कलाशाळेत विवस्त्र बसणाऱ्या बाईबद्दलचा. बाईनं पोटासाठी बसायचं आणि त्याची गोष्टही सांगायची नाही. पुरुषाच्या बाबतीत तर गोष्ट सांगण्यापर्यंत वेळच येत नाही. व्हिएन्नातल्या एका संग्रहालयानं २०१२ मध्ये नग्न पुरुष या विषयावर प्रदर्शन भरवलं आणि शहरभर तीन नग्न फुटबॉलपटूंची पोस्टरं लावली. तक्रारी आल्या आणि त्यांच्या कमरेखाली पट्ट्या चिकटवाव्या लागल्या. युरोपात हे झालं, जिथं चौकाचौकांत नग्न बायकांचे पुतळे कारंज्यात उभे आहेत.

आणि आपल्या न्यायालयांनी या बाबतीत काही सांगितलंच नाही असंही नाही. आधी चित्रकार फ्रान्सिस न्यूटन सूझाचं बघा. गोव्यातल्या साळगावचा, जे. जे. कलाशाळेतून हाकललेला. १९४९ मध्ये मुंबईच्या प्रदर्शनातून त्याचं स्वतःचंच नग्न आत्मचित्र काढून टाकलं गेलं आणि त्याच वर्षी तो देश सोडून लंडनला गेला. दुसऱ्या कोणाला उघडं करण्याऐवजी त्यानं स्वतःला उघडं केलं होतं. याहून प्रामाणिक चित्र कोणतं? १९५४ मध्ये जहांगीर कलादालनात अकबर पदमसींची प्रेमी युगुलाची दोन चित्रं उतरवा म्हणून पोलीस आले. ते उतरवेनात म्हणून खटला भरला. पदमसी सुटले, सरकार अपिलात गेलं, तिथंही हरलं. त्यानंतर सत्तर वर्षांनी काय घडलं? लंडनहून आणलेली सूझा आणि पदमसी यांचीच सात चित्रं सीमाशुल्क खात्यानं मुंबईत अडवली आणि जुलै २०२४ मध्ये अश्लील म्हणून जप्त केली. ऑक्टोबरात मुंबई उच्च न्यायालयानं तो आदेश रद्द केला आणि प्रत्येक नग्नचित्र अश्लील नसतं हे अधिकाऱ्यांना पुन्हा शिकवलं. दोन्ही चित्रकार तोवर हे जग सोडून गेलेले होते. सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्येच बोरिस बेकरच्या फोटोच्या खटल्यात हेच सांगितलं होतं. त्यात टेनिसपटू बेकर आणि त्याची कृष्णवर्णीय वाग्दत्त वधू दोघं विवस्त्र होते आणि त्यामागचं म्हणणं वर्णद्वेषाविरुद्धचं होतं. न्यायालयानं व्हिक्टोरिया राणीच्या काळची जुनी कसोटी बाजूला ठेवली आणि आजच्या समाजाच्या नजरेनं, संपूर्ण संदर्भ घेऊन बघा म्हटलं. एवढं होऊनही ठाणेदार अजून फक्त कपडे आहेत की नाहीत एवढंच बघतो.

टफ बुटांची जाहिरात आठवत असेल. १९९५. शिवाजी पार्कचा जलतरणपटू मिलिंद सोमण आणि आमच्या नागपुरात जन्मलेली मधु सप्रे, दोघांच्या अंगावर बूट आणि एक अजगर. छायाचित्र प्रबुद्ध दासगुप्तांचं. मुंबई पोलिसांनी अश्लीलतेचा गुन्हा नोंदवला, अजगरासाठी वन्यजीव कायदाही लागला. निकाल २००९ मध्ये लागला, सगळे निर्दोष. चौदा वर्षं! त्याच चौदा वर्षांत आमच्या जिल्ह्याचं नाव शेतकरी आत्महत्यांसाठी जगभर गेलं. नोव्हेंबर २०२० मध्ये पंचावन्नाव्या वाढदिवसाला सोमण गोव्याच्या किनाऱ्यावर नग्न धावला, फोटो बायकोनं काढला, आणि पुन्हा गुन्हा. त्याच आठवड्यात काणकोणच्या चापोली धरणावर चित्रीकरण केलं म्हणून पूनम पांडेला मात्र थेट अटक झाली. पुरुषावर कागद आणि बाईला कोठडी. तरी मी सोमणवरच्या गुन्ह्याचाही निषेधच करते. अन्याय समान वाटून न्याय होत नाही.

त्या फोटोत काय होतं ते नीट बघा. पन्नाशी उलटलेला मराठी माणूस, सुटलेलं पोट नाही, तोंडात गुटखा नाही, वाळूवर मोकळा धावतो आहे, आणि ते बघून त्याची बायको खूश आहे. आमच्या भागात पन्नाशीचा पुरुष म्हणजे दारूनं सुकलेला नाहीतर सांधे धरलेला, बायकोसमोर कधी धडपणे उघडा न झालेला, अंधारात विधी उरकणारा. लग्नाला वीस वर्षं झालेल्या बाया मला दवाखान्यात सांगायच्या की नवऱ्याला उजेडात कधी पाहिलंच नाही. जांघेतलं दुखणं, अंडाची गाठ, लघवीतलं रक्त, हे पुरुष महिनोन् महिने लपवतात, कारण दाखवायचं कसं? लघवीच्या जागी कर्करोग घेऊन आलेला माणूस मी पाहिला आहे. व्रण पहिल्यांदा दिसला तेव्हा आला असता तर निम्म्या वेळेत बरा झाला असता. लाजेनं आला नाही. पुरुषाचं शरीर बघण्यासारखं, सांभाळण्यासारखं, दाखवण्यासारखं आहे हे ज्या समाजात उच्चारणंही पाप, तिथं पुरुष असेच सडतात. रघुनाथ धोंडो कर्वे १९२७ पासून मरेपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’मधून हेच ओरडून सांगत होते. १९३४ च्या खटल्यात बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले. वाचकांनी शरीराबद्दल विचारलेल्या प्रश्नांना उत्तरं दिली, हा कर्व्यांचा गुन्हा. दंड झाला. त्या दंडाची किंमत आमचे पुरुष अजून भरत आहेत.

आता कोणी म्हणेल, बाई, तुमचं खरं, पण लेकरांनी असं काही बघावं का? उद्या कोणीही कुठंही कपडे काढील. याचं उत्तर मी टाळणार नाही, कारण ५०९ ची खरी जागा तीच होती. बसस्टँडच्या मागे पँटची चेन उघडून शाळकरी पोरींना हाक मारणारा माणूस. रात्री-अपरात्री अनोळखी नंबरवरून स्वतःच्या अवयवाचा फोटो पाठवणारा माणूस. अंगणवाडी सेविकेला, आशाताईला, माझ्यासारख्या नर्सला हे वरचेवर सोसावं लागतं. तिथं आमच्यावर लादलं जातं, आमची मर्जी नसते, आणि ते मुद्दाम आम्हाला भेदरवण्यासाठी केलं जातं. ५०९ त्याच्यासाठी होतं. नवीन संहितेत तेच ७९ झालं आहे. एका आशाताईला घेऊन मी स्वतः अशा तक्रारीसाठी पोलीस ठाण्यात गेले आहे. समोरच्यानं पेन उचललं नाही. सोडून द्या, नंबर ब्लॉक करा, उद्या तुमचंच नाव गावात होईल. रणवीर सिंगसाठी जी तत्परता होती तिचा एक आणा तिच्या वाट्याला आला नाही. ज्या नग्नतेनं बाईचा खरोखर अपमान होतो तिथं कायदा झोपतो. ज्यानं होत नाही तिथं तो बाईला न विचारता तिच्या नावानं उठतो.

आणि नग्नतेचे जाहीर कार्यक्रम? ते तर महाराष्ट्रात भर दिवसा होतात. जून २०१८, जळगाव जिल्ह्यातलं वाकडी. विहिरीत पोहले म्हणून मातंग समाजाच्या अल्पवयीन मुलांना विवस्त्र करून मारलं आणि त्याची चित्रफीत काढली. ऑगस्ट २०२३, श्रीरामपूर तालुक्यातलं हरेगाव. शेळी आणि कबुतरं चोरल्याच्या संशयावरून चार तरुणांना कपडे काढून झाडाला उलटं टांगलं आणि मारलं. त्याचीही चित्रफीत. दोन्हीकडे गुन्हे नोंदले गेले, अटका झाल्या. पण त्या चित्रफिती लाखो मोबाइलवर गेल्या. जेवता जेवता बघितल्या गेल्या, पुढे पाठवल्या गेल्या. संस्कृतीच्या नावानं पोलीस ठाण्याची पायरी झिजवणाऱ्यांपैकी कोणी या चित्रफिती थांबवा म्हणून उभं राहिल्याचं मी ऐकलं नाही. दलित पोराचं नागवेपण त्यांच्या डोळ्यांना टोचत नाही. कारण त्यात बघणारा वर आहे आणि बघितला जाणारा खाली.

आदिवासी शरीराची गत याहून जुनी. आमच्या तालुक्यात कोलामांचे पोड आहेत, गोंडांची गावं आहेत. इंग्रजांच्या काळी माणसांना मोजपट्टीच्या चौकटीसमोर नागवं उभं करून जाती-जमातींचे फोटो काढायची शास्त्रीय पद्धतच होती. त्या काचा अजून परदेशातल्या संग्रहालयांत जपून ठेवल्या आहेत, आणि बहुतेकांवर माणसाचं नाव नाही, जमातीचं आहे. तो नग्न पुरुष कोणाला अश्लील वाटला नाही, कारण त्याला मुळात माणूस धरलंच नव्हतं. आजही दिवाळीच्या दंडारी नाचाला बाहेरचे लोक कॅमेरे घेऊन येतात. नाचणाऱ्या घुसाडीचं अंग उघडं, राख फासलेलं, डोक्यावर मोरपिसांचा भरगच्च टोप. तो स्वतःच्या देवासाठी, स्वतःच्या गावासाठी, मानानं नटलेला असतो. त्याच्याइतकं रुबाबदार पुरुषाचं शरीर मी कुठल्याही मासिकात पाहिलेलं नाही. फोटोवाला मात्र त्याला नाव विचारत नाही. झरी जामणीचं नाव महाराष्ट्रानं ऐकलं तेही कुमारी मातांच्या बातम्यांमधून. पोरींचे फोटो आले, त्यांच्या झोपड्यांचे आले, कडेवरच्या लेकरांचे आले. त्यांना फसवून गेलेल्या बाहेरच्या पुरुषांचा एक फोटो मी आजवर पाहिलेला नाही. त्यांची अंगंही झाकलेली राहिली आणि चेहरेही.

उघड्या शरीराचा मानाचा वापर आमच्या शेतकऱ्यांना चांगला कळतो. पीकविमा मिळाला नाही, बोंडअळीचे पैसे आले नाहीत, की माणसं जिल्हाधिकारी कचेरीपुढे सदरे काढून बसतात. अर्धनग्न आंदोलन हा आमच्याकडचा रुळलेला प्रकार आहे. एप्रिल २०१७ मध्ये तमिळनाडूच्या शेतकऱ्यांनी दिल्लीत पंतप्रधान कार्यालयाजवळ सगळेच कपडे उतरवले. ही नग्नता त्यांनी निवडली होती. तिच्यात मागणी होती, म्हणून पोलिसांनी त्यांना घाईघाईनं गाडीत कोंबलं. खाटेला बांधलेल्या माणसाचा फोटो काढायला मात्र घाई नव्हती.

एक कलम आणखी आहे, त्याच माहिती तंत्रज्ञान कायद्यात, रणवीरवर लावलेल्या ६७ अ च्या थोडं आधी. ६६ ई. कोणत्याही व्यक्तीच्या गुप्त भागाचं चित्र तिच्या संमतीशिवाय टिपलं, छापलं किंवा पाठवलं तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. चोरून बघण्याबद्दलचं जुन्या दंड विधानातलं कलम फक्त बाईला संरक्षण देत होतं. हे मात्र कोणत्याही व्यक्तीला देतं, म्हणजे पुरुषालाही. शुद्ध हरपलेल्या, हात बांधलेल्या, विषानं भाजलेल्या पुरुषालाही. आमच्याकडे फवारणीचा हंगाम दरवर्षी ऑगस्टपासून लागतो आणि दिवाळीपर्यंत चालतो. वॉर्ड आहेत, मोबाइल आहेत, फोटो निघतात. ज्या संस्थांना पुरुषाच्या नागव्या फोटोची चाड आहे त्यांनी या दिवसांत यवतमाळला यावं आणि ६६ ई खाली तक्रार द्यावी. साक्षीदार म्हणून माझं नाव खुशाल लिहावं. या वेळी ते मला विचारून लिहिलेलं असेल.